बाबांच्या माळ्यावरची रसायनं: काय ठेवू, काय टाकू?

पंचवटीकर:
आमचा फोटो स्टुडिओ नाशिकला रविवार कारंज्याजवळ होता. बाबा गेल्या वर्षी गेले. आता घराचा माळा आवरतेय. वर पत्रा, त्यात एप्रिलचं ऊन. अर्धी बाटली डी-७६ (फिल्मवर चित्र उमटवणारा डेव्हलपर) सापडला, लेबलवर बाबांच्या अक्षरात '१२ जानेवारी २०२४'. रंग कोऱ्या चहासारखा. कालवलेला हायपो (चित्र पक्कं, म्हणजे फिक्स करणारं रसायन) दुधासारखा पांढरा झालाय. हायपोच्या खड्यांची न फोडलेली पिशवी आहे, मेटॉलचा (डेव्हलपरमधल्या एका घटकाचा) डबा आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जानेवारीत बर्फासारखं गोठलं होतं, आता पुन्हा पातळ. ते वाया गेलं का?

खरं कारण वेगळंच आहे. कॅमेऱ्यात बाबांनी भरलेला शेवटचा ब्लॅक अँड व्हाइट रोल आहे. तो मला त्यांच्याच रसायनांत धुवायचाय.

नाशिकरोडचा जुना प्रिंटर:
ताई, त्या डी-७६ मध्ये तो रोल घालू नका. कालवलेला डी-७६ काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत जेमतेम दोन. वरच्या रिकाम्या जागेतली हवाच त्याला खाते. आम्ही बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायचो. खात्री हवी तर दुसऱ्या एखाद्या फिल्मचा तुकडा उजेडातच त्यात बुडवा. काळाकुट्ट झाला नाही, तर डेव्हलपर मेला.

दुधाळ हायपोही टाकून द्या, त्यातून गंधक सुटलंय. पण वापरलेला असेल तर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते आणि मोरीचं पाणी शेवटी गोदावरीलाच जातं.

खडे मात्र कोरडे असतील तर उत्तम. रोल त्यांच्याच हायपोत फिक्स करा की! लिटरला २५० ग्रॅम. खडे विरघळताना पाणी गार पडतं, म्हणून कोमट पाण्याने सुरुवात करा.

रसायनशास्त्राची शिक्षिका:
अ‍ॅसिड चांगलं आहे. ते साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं, आणि नाशिकची थंडी त्याच्या कितीतरी खाली जाते. फक्त अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नको. खिडकी उघडी ठेवा.

मेटॉल पांढरं आहे का? तपकिरी नसेल तर डी-७६ घरीच कालवता येईल: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, एकूण एक लिटर. सल्फाइट नवीनच आणा, हवेत त्याचं सल्फेट होतं. मेटॉल आधी विरघळवा (चिमूटभर सल्फाइट चालेल). सल्फाइट पुष्कळ असलं की मेटॉल विरघळतच नाही.

आणि सगळं माळ्यावरून खाली, सावलीतल्या कपाटात आणा. स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये मात्र कधीच नाही.

पंचवटीकर:
काका, मॅडम, मेटॉल पांढरं निघालं! जुन्या डेव्हलपरमध्ये तुकडा दहा मिनिटांनीही करडाच राहिला. नव्या कालवलेल्यात काळा झाला. दुसरा कोरा तुकडा बाबांच्या हायपोत टाकला, तो स्वच्छ पारदर्शक झाला.

टाकीचं पाणी तीस अंशांवर आहे, वीसवर आणायला बर्फ आणून ठेवलाय. रोल उद्या रात्री.