‘पेर’, ‘काटा’ आणि ‘कुसळ’: चोया निवडुंगाच्या वर्णनातील शब्द

अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या प्रदेशांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात सिलिंड्रोपुन्शिया फुल्जिडा हा झुडपी निवडुंग वाढतो. ‘चोया’ या स्पॅनिश नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवडुंगांपैकी तो एक असून त्याची उंची सुमारे 4 मीटरांपर्यंत जाऊ शकते. त्याच्या खोडाच्या दंडगोल भागांना ‘सांधे’ म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण सांधा ही दोन भाग जुळण्याची जागा असते आणि येथे अभिप्रेत आहे तो दोन सांध्यांमधला भाग. त्यासाठी ‘पेर’ हा शब्द नेमका आहे. पेर गळून पडले की त्याला ‘कांडे’ म्हणता येईल. हा भेद उपयोगाचा आहे, कारण या वनस्पतीच्या बिया बहुधा रुजत नाहीत आणि तिचा प्रसार मुख्यतः जमिनीवर पडून मुळे धरणाऱ्या कांड्यांमधून होतो.

‘काटा’ या शब्दाबाबत अधिक सावधगिरी हवी. गुलाबाचा काटा सालीवरची वाढ असते, बोगनवेलीचा काटा रूपांतरित फांदी, तर निवडुंगाचा काटा रूपांतरित पान. मराठी मात्र तिन्हींना एकच नाव देते. चोयाच्या काट्यावर कागदासारखे पातळ, चमकदार आवरण असते (‘फुल्जिडा’ म्हणजे चकाकणारी), आणि टोकाशी उलट्या दिशेची सूक्ष्म दाते असल्याने तो रुतला की सहज निघत नाही. थोडा स्पर्श होताच अख्खे पेर सुटून अंगाला चिकटते, म्हणून त्याला ‘उडी मारणारा’ म्हणतात. प्रत्यक्षात ते उडत नाही. काट्यांच्या बुडाशी असलेल्या बारीक, केसांसारख्या टोकदार झुपक्यांना मी ‘कुसळे’ म्हणेन.

फळांच्या बाबतीत ‘घोस’ टाळावा. जुन्या फळावरच नवे फूल येते, त्याचे फळ त्याखाली लोंबते, आणि अशी फळे वर्षानुवर्षे टिकून त्यांची माळ तयार होते. त्यामुळे ‘फळांची माळ’ हेच वर्णन खरे ठरते.

नुसते ‘निवडुंग’ लिहिल्यास त्रिधारी निवडुंगाशीही गल्लत होऊ शकते, पण तो एरंडाच्या कुळातला आहे व त्याला चीक येतो. कॅक्टस कुळाची ओळख म्हणजे काटे, फुले आणि नव्या फांद्या जिथून फुटतात ते लवयुक्त ठिपके. शास्त्रीय लेखनात म्हणूनच प्रथम उल्लेखात ‘कॅक्टस कुळातील निवडुंग’ असे लिहावे.