कुरणे नांगरली की नेमके काय जाते?

प्रश्न :
चराऊ रानाचा दहावा हिस्साच शेतीखाली आला, तर उरलेल्या नऊ हिश्श्यांवर जनावरे सहज जगतील, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. तरीही अशा ठिकाणी पशुपालक पार कोलमडतात, असे का होते?

प्रतिसाद १ :
रानातला प्रत्येक एकर सारखा नसतो, म्हणून हा हिशेब चुकतो. नांगर आधी पडतो तो नदीकाठच्या, ओल धरणाऱ्या गाळाच्या जमिनीवर; आणि बाकीचे रान वाळून गेल्यावर कळप ज्या पट्ट्यावर तग धरतात, तो नेमका हाच असतो. इथिओपियातील अवाश नदीच्या खोऱ्यात १९६०च्या दशकापासून कापसाचे आणि उसाचे मोठे मळे उभे राहिले, तेव्हा अफार पशुपालकांची कोरड्या हंगामातील चराई त्यांच्या हातून गेली. पावसाळा सरल्यावर नदीकडे उतरणाऱ्या कळपांपुढे आता कालवे आणि उभे पीक होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी दुष्काळ पडला, त्या वेळी त्यांना माघार घ्यायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे किती हेक्टर गेले हे विचारण्याआधी कोणते गेले, हे विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २ :
हीच गोष्ट वन्यप्राण्यांनाही लागू पडते. केनियातील लोइता मैदाने ही विल्डबीस्ट या हरणासारख्या, कळपाने फिरणाऱ्या प्राण्याची पावसाळी चराईची आणि विण्याची जागा. तेथे यांत्रिक पद्धतीने गव्हाची शेती पसरली आणि १९७०च्या दशकात लाखाच्या वर असलेला तेथील कळप १९९०च्या दशकाअखेर काही दशसहस्रांवर आला.

प्रतिसाद ३ :
मातीचेही पाहावे. बहुवार्षिक गवताचा एखादा ठोंब खणून काढला, तर वर वीतभर पाती आणि खाली कितीतरी खोल गेलेले, मातीचा कण न् कण धरून ठेवणारे मुळांचे जाळे दिसते. नांगरटीने ते तुटते, साठलेला सेंद्रिय कर्ब झपाट्याने कुजून हवेत जातो आणि कापणीनंतर उघडी पडलेली माती वाऱ्याच्या तावडीत सापडते. सोव्हिएत संघाने १९५४पासून कझाकस्तान आणि सायबेरियातील चार कोटी हेक्टरांच्या आसपास गवताळ जमीन नांगरली. १९५६चे पीक विक्रमी आल्याने मोहीम सफल झाली असे वाटले. परंतु १९६०च्या दशकाच्या आरंभी धुळीची वादळे उठली आणि १९६३मध्ये पीक इतके घटले की परदेशातून धान्य विकत घ्यावे लागले.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. अशी जमीन पडीक सोडली, तर कुरण परत येते का?

प्रतिसाद ३ :
येते, पण फार सावकाश. १९९१नंतर कझाकस्तानात विस्तीर्ण शेते ओस पडली. तेथे आधी तण माजले, मग हळूहळू गवत आले, मात्र जुन्या रानातील गवतांची विविधता आणि मातीतील कर्ब भरून यायला कित्येक दशके लागतात.

प्रतिसाद १ :
शिवाय ओलीताचा पट्टा सहसा कोणी पडीक सोडत नाही. पडीक पडते ती कोरडी, कडेची जमीन. पशुपालकांना हवी असलेली नदीकाठची चराई पिकाखालीच राहते.