माळ्यावर 'साधना'चे जुने अंक सापडले, काय करू?

पालगडची_पोर: आजोबा प्राथमिक शिक्षक होते. घर शाकारायला काढलं तर माळ्यावर पत्र्याची ट्रंक, आत 'साधना' साप्ताहिकाचे गठ्ठे, साधारण १९६२ ते ७७. काहींवर पोस्टाची पत्त्याची चिठ्ठी तशीच. दादा म्हणतो रद्दीत घाल. मला वाचायचेत, पण सुरुवात कुठून करू? आणि पावसाळा तोंडावर आलाय.

खाडीपलीकडचा: रद्दीत? अगो, तुझ्याच गावच्या माणसाचं साप्ताहिक ते! साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ला काढलं. पुढे दोन वर्षंही हाती राहिलं नाही त्यांच्या, जून ५०मध्ये गेले. मग संपादक झाले आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन. तुझ्या ट्रंकेतले अंक यदुनाथ थत्त्यांच्या काळातले. थेट जून ७५ काढ. आणीबाणीआधीचे चार अंक आणि नंतरचे चार शेजारी ठेवून वाच. सेन्सॉर बसल्यावर साप्ताहिक कसं बोलतं ते आपोआप कळेल.

माडबन७१: माझं मत वेगळं. कोकणातल्या माणसाने जानेवारी ७१पासून वाचावं. १८ तारखेला राजापूरचे समाजवादी खासदार नाथ पै गेले, मग ती जागा मधू दंडवत्यांकडे आली ती १९९१पर्यंत. आणीबाणीत दंडवते तुरुंगात होते. मतदारसंघ ओळखीचा असला की राजकारण कोरडं लागत नाही. (आमच्याकडे बाळासाहेब ठाकऱ्यांचं 'मार्मिक' यायचं, तेव्हा मी पक्षपाती नाही!)

कसरवैरी: वाचा नंतर, आधी वाचवा. गंजलेल्या पिना नखाने ओढू नका, पान फाटतं. पाठीमागून टोकं सरळ करून काढा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. कडक उन्हात वाळत घालू नका, कागद पापडासारखा मोडतो. पडवीत सावलीला, पंख्याखाली. भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते. वर्षवार गठ्ठे सुती कापडात बांधा. नको झाले तर तालुक्याच्या वाचनालयाला विचारा, पण सलग द्या, सुटे नाही.

पालगडची_पोर: सगळ्यांचे आभार. पिना काढतेय, बोटं लाल झालीत. जानेवारी ७१चा एक अंक मिळाला, कडेने कसरीने खाल्लेला. गंमत म्हणजे चिठ्ठीवर नाव आजोबांचं नाही, खालच्या वाडीतल्या एका गृहस्थांचं आहे. वाचायला आणला आणि परत केलाच नाही वाटतं. त्यांची नात अजून तिथेच राहते. परत करू का?

खाडीपलीकडचा: आधी वाचून घे.