ग्लोरिया ग्रॅहॅमचे चार सिनेमे निवडायचेत. कोणते, आणि कुठल्या क्रमाने?

पायरीवरचा

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये (पुणे, कोथरूड) दर शनिवारी रात्री सिनेमा दाखवतो. प्रेक्षक पंधरा-वीस, बहुतेक साठीच्या पुढचे. प्रोजेक्टर जुना, त्याच्या पंख्याची घरघर प्रत्येक सिनेमाला फुकट. हिचकॉक नुकताच संपवला. पुढचे चार शनिवार जुन्या हॉलिवूडमधल्या नटी ग्लोरिया ग्रॅहॅमला द्यावेत असं मनात आहे.

खूळ कुठून आलं ते सांगतो. नाताळात 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लावला होता. त्यात व्हायोलेट नावाची मुलगी (तीच ग्लोरिया) रस्त्यातून चालते आणि अख्खं गाव मान वळवून बघतं. कोणी ड्रेसचं कौतुक केलं तर म्हणते, हा होय? हा तर मी कशी दिसते याची फिकीर नसेल तेव्हाच घालते! आमच्या बी विंगमधल्या काकू खुर्चीतच हसून वाकल्या. सिनेमा संपल्यावर सगळे जेम्स स्टुअर्टबद्दल बोलत होते, काकूंचा प्रश्न एकच: "ती कोण हो? तिचं पुढे काय झालं?" मला धड सांगता येईना.

अटी: सिनेमा शक्यतो शंभर मिनिटांच्या आत (साडेदहाला वॉचमन दिवे घालवायला येतो), सबटायटल हवीतच, फार रक्तबंबाळ नको. मी स्वतः फक्त 'द बिग हीट' पाहिलाय, तोही कॉलेजात. त्यानेच सुरुवात करू का?

तिसरी घंटा

क्रॉसफायर, इन अ लोनली प्लेस, बिग हीट, ह्यूमन डिझायर. सालवार लावा. विषय संपला.

कृष्णधवल

तिसरी घंटा यांची यादी उत्तम, क्रम मात्र अजिबात पटला नाही. जरा सविस्तर लिहितो, आवडता विषय आहे.

आधी तिची गाडी कशी चालली ते बघा. जन्म १९२३चा, लॉस एंजेलिसचा. आई ब्रिटिश रंगभूमीवरची नटी, पुढे अभिनय शिकवायची. म्हणजे बाळकडू घरातच. १९४४ साली एमजीएम या बड्या स्टुडिओने करारावर घेतलं, पण हिचं करायचं काय हे त्यांना कधी उमगलं नाही. चेहरा नायिकेचा म्हणावा तर आवाजात खोडी, खलनायिकेचा म्हणावा तर डोळ्यांत पोरकेपण. वंडरफुल लाइफ तिने दुसऱ्यांकडे उसनवारीवर जाऊन केला, क्रॉसफायरसुद्धा तसाच. १९४७ साली एमजीएमने तिचा करार सरळ आरकेओ या दुसऱ्या स्टुडिओला विकून टाकला. आणि पाच वर्षांनी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ते एमजीएमच्याच 'द बॅड अँड द ब्यूटिफुल'साठी! या गोष्टीचं मला दर वेळी हसू येतं.

पण तो सिनेमा तुमच्या यादीत घेऊ नका. एक तर दोन तासांचा आहे, आणि ती आहे जेमतेम दहा मिनिटं. काकू विचारतील, आली कधी आणि गेली कधी?

आता क्रम.

पहिला शनिवार: इन अ लोनली प्लेस (१९५०), ९४ मिनिटं. हम्फ्रे बोगार्ट तापट पटकथालेखक, ती शेजारीण. एका मुलीचा खून होतो आणि संशय त्याच्यावर. बिग हीटआधी हा दाखवा, कारण इथे ती पूर्ण नायिका आहे. पोलीस स्टेशनातला तिचा पहिला प्रवेश बघा. इन्स्पेक्टर विचारतो, या माणसाकडे तुमचं लक्ष का गेलं? ती शांतपणे म्हणते, मला त्यांचा चेहरा आवडला. ना लाडिकपणा, ना मान खाली. शेजारी बसलेला बोगार्ट तिच्याकडे बघतच राहतो.

आणि पुढचा स्वयंपाकघरातला प्रसंग. ग्रेपफ्रूट सोलायची सुरी मुळातच वाकडी असते. बोगार्टला वाटतं ती बिघडलीये, म्हणून तो ती हाताने सरळ करत बसतो. तेवढ्यात म्हणतो की आपल्याला आत्ता कोणी पाहिलं, तर न सांगता कळेल की या दोघांचं प्रेम आहे. आणि ती? रात्रभर झोप नाही, त्याची भीती बसलेली, चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेलं हसू. तो प्रेमाचं बोलतोय आणि आपण सगळे तिच्या डोळ्यांकडे बघतोय. माझ्या मते तिची अख्खी कारकीर्द या दोन मिनिटांत आहे. बोलण्यात कोणीही बाजी मारेल, ऐकण्यात तिच्यासारखी त्या काळात दुसरी नव्हती.

दिग्दर्शक निकोलस रे तेव्हा तिचा नवरा होता आणि संसार मोडत आला होता. मूळ पटकथेचा शेवट वेगळा होता, रेने तो चित्रीकरणात बदलला. कसा, ते सांगत नाही.

दुसरा शनिवार: क्रॉसफायर (१९४७), ८६ मिनिटं. रॉबर्ट यंग, रॉबर्ट मिचम, रॉबर्ट रायन, तीन रॉबर्ट आहेत, प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवा. युद्धावरून परतलेले सैनिक, एका ज्यू माणसाचा खून. ग्लोरिया पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणारी मुलगी. काम दोन-तीन प्रसंगांचं, पण ऑस्करचं पहिलं नामांकन याच सिनेमाने दिलं. तिच्या खोलीवर एक माणूस येतो, आपण तिचा नवरा असल्याचं सांगतो, मग म्हणतो ते खोटं होतं, मग आणखी काही सांगतो, तेही खोटं. तो कोण होता हे मला आजवर कळलेलं नाही. कथेला त्याची काहीच गरज नाही, आणि सिनेमा मला आठवतो तो त्याच्यामुळेच.

तिसरा: द बिग हीट (१९५३), ९० मिनिटं. याबद्दल तुम्हाला काय सांगायचं. फक्त एक आठवण: उकळती कॉफी तिच्या तोंडावर फेकण्याचा प्रसंग दिसत नाही. दिसतं ते शेगडीवरचं भांडं, ली मार्विनचा हात, आणि मग नुसती किंकाळी. दिग्दर्शक फ्रिट्झ लँगने काहीही न दाखवता लोकांना सत्तर वर्षं हादरवलंय. म्हणजे तुमची रक्तबंबाळची अट पाळली गेली म्हणायची, पण काकूंना सावध करा.

चौथ्याबद्दल माझं मत ह्यूमन डिझायरला (१९५४) नाही. लँग तोच, बिग हीटचा नायक ग्लेन फोर्ड तोच, मूळ कथा फ्रेंच कादंबरीकार झोलाची. रेल्वेचे प्रसंग फार देखणे आहेत, पण फोर्ड फारच सोज्वळ आहे. झोलाच्या माणसाच्या रक्तात विष आहे, हा चांगल्या घरातला मुलगा वाटतो. सगळं ओझं एकट्या ग्लोरियावर पडतं.

त्याऐवजी 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' (१९५९), ९६ मिनिटं. काम छोटं, पण क्रॉसफायरनंतर बारा वर्षांनी पुन्हा समोर रॉबर्ट रायन. दारात उभी राहून त्याला विचारते, माणूस मारताना कसं वाटलं? या प्रश्नात मोह आहे की एकटेपणा, ठरवता येत नाही.

चहाटळ

सगळे इतके सोवळे कसे? मुख्य मसाला कोणी सांगितलाच नाही. चार लग्नं! आणि चौथं १९६० साली, कोणाशी? दुसऱ्या नवऱ्याच्या, म्हणजे त्याच निकोलस रेच्या मुलाशी! एके काळच्या सावत्र मुलाशी लग्न!! हॉलमध्ये आधी हे सांगा, गर्दी बघा.

कृष्णधवल

चहाटळ, नाव सार्थ केलंत. गर्दी होईल हो, पण मग लोक सिनेमा बघणार नाहीत, तिच्या चेहऱ्यावर ते लग्न शोधत बसतील. हॉलिवूडनेही नेमकं तेच केलं. तो संसार चौदा वर्षं टिकला, दोन मुलं झाली, हे सांगायची मात्र कोणाला घाई नसते. शेवटच्या शनिवारी, सिनेमा संपल्यावर सांगा फार तर.

खिडकीपाशी

ऑस्करचा विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं मांडते. त्या वर्षी जीन हॅगन होती नामांकनात, 'सिंगिंग इन द रेन'मधली चिरक्या आवाजाची नटी! ते बक्षीस तिचं होतं. ग्लोरिया मला प्रिय आहे, पण ऑस्कर तिला मिळायचं तर बिग हीटला. तिथे नामांकनसुद्धा नाही. १९५२ या एका सालात तिचे सर्कशीचा 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ', 'सडन फिअर', 'मकाव' आणि बॅड अँड ब्यूटिफुल असे चार सिनेमे आले. बक्षीस त्या अख्ख्या वर्षाला दिलं असावं असा माझा समज.

पायरीवरचा, तुमच्या प्रेक्षकांत बायका जास्त असतील तर चौथ्या शनिवारी 'सडन फिअर' लावा. जोन क्रॉफर्ड श्रीमंत नाटककार, जॅक पॅलन्स तिचा नवरा, ग्लोरिया त्याची जुनी प्रेयसी. नवऱ्याचा कट ध्वनिमुद्रण यंत्रावर आपोआप नोंदला जातो आणि क्रॉफर्ड तो एकटी ऐकते, तेव्हा माझ्या आईने सोलता सोलता मटाराची परात बाजूला ठेवली होती. ११० मिनिटं आहे, वॉचमनला चहा पाजा.

ह्यूमन डिझायरबद्दल मात्र कृष्णधवल यांच्याशी असहमत. ओझं एकटीवर पडतं म्हणूनच बघायचा. ती नवऱ्याबद्दल जे सांगते त्यातलं खरं किती, खोटं किती, हे शेवटपर्यंत हलतं राहतं. विषारी बाई म्हणून सोडून द्यावी अशी ती नाहीच मुळी.

टेकडीवाला

अज्ञानाचा प्रश्न. अशा काळोख्या गुन्हेपटांना नुआर म्हणतात ना? म्हणजे आपल्याकडचे देव आनंदचे टोपीवाले सिनेमेच ना?

तिसरी घंटा

बरेचसे त्याच घरातले. गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) पाहा. जुगाराचा अड्डा, सावल्या, न दिसणारा मालक आणि क्लबात नाचणारी गीता बाली, जी नायकासाठी गोळी झेलते. बिग हीटमधली डेबी, म्हणजे ग्लोरिया, तिची लांबची बहीण. फरक एवढाच की आपल्याकडे अशा मुलीच्या वाट्याला निदान गाणी तरी येतात.

चहाटळ

गाण्यांवरून आठवलं. ग्लोरियाला सूर अजिबात कळत नव्हते, तरी १९५५ साली 'ओक्लाहोमा!'त तिला गायला लावलं. तुकडे जोडून जोडून गाणं तयार केलं म्हणे. आणि धमाल गायलीये! ही माहिती सोवळ्यात चालेल ना?

कृष्णधवल

चालेल. :) पण नुआरची ग्लोरिया तिथेच संपत आली होती. वरच्या ओठाचा तिला कायम गंड होता, त्यावर शस्त्रक्रिया करून घेतल्या. लोनली प्लेस आणि पुढचे सिनेमे पाठोपाठ पाहिलेत तर ओठाची ठेवण बदलत गेलेली दिसते. आपल्याला आवडतं ते बोबडं, जडसर बोलणं त्याच ओठातलं, आणि तिला तेच नकोसं. भूमिका आटत गेल्या, मग टीव्ही, मग नाटकं.

पायरीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं: लोनली प्लेस, क्रॉसफायर, बिग हीट आणि (वॉचमनशी बोलणी यशस्वी) सडन फिअर. ह्यूमन डिझायर घरी बघेन.

काकूंच्या "पुढे काय झालं"चं उत्तर मात्र अजून हवंय. शेवटी काय झालं तिचं?

खिडकीपाशी

शेवटच्या वर्षांत इंग्लंडात नाटकं करत होती. कर्करोग होता, कोणाला फारसं सांगितलं नव्हतं. १९८१ साली लँकेस्टरला नाटकाच्या तयारीत असताना कोसळली. पीटर टर्नर नावाच्या तरुण नटाशी पूर्वी तिचं प्रेम होतं. ती लिव्हरपूलला त्याच्या आईवडिलांच्या साध्या घरात जाऊन राहिली, त्यांनी शुश्रूषा केली. मग मुलं येऊन विमानाने न्यूयॉर्कला घेऊन गेली, आणि पोचली त्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला गेली. ५७ वर्षांची होती. टर्नरने त्यावर पुस्तक लिहिलं, २०१७ साली त्यावर सिनेमाही आला, ॲनेट बेनिंगने काम केलंय. काकूंना हे सगळं चौथ्या शनिवारनंतरच सांगा हं.

पायरीवरचा

वृत्तांत, पहिला शनिवार. एकोणीस जण आले. लोनली प्लेसच्या सुरुवातीला दोन आजोबा आपसात बोगार्टच्या इतर सिनेमांची उजळणी करत होते, त्यांना गप्प करावं लागलं. सुरीच्या प्रसंगाला हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता. तेवढ्यात काकू शेजारणीला म्हणाल्या, हळू म्हणाल्या पण सगळ्यांना ऐकू गेलं: "अगं, तिने होकार दिलाय ना, तो भीतीने दिलाय."

शेवटावर पंधरा मिनिटं वाद झाला. अर्ध्यांचं मत, तो चांगलाच होता, हिने थोडं थांबायला हवं होतं. काकू आणि त्यांच्या रांगेतल्या चौघींचं मत, थांबायला अजिबात नको होतं. दिवे साडेदहालाच गेले, वाद जिन्यात चालू राहिला.

आता तांत्रिक मदत हवी. क्रॉसफायर आज चालवून पाहिला, सबटायटल दोन सेकंद उशिरा येतायत. व्हीएलसी प्लेअर वापरतो.

टेकडीवाला

चला, या धाग्यावर मलाही काहीतरी येतं! सिनेमा चालू असताना कीबोर्डवरचं जी दाबा, दर वेळी सबटायटल थोडं आधी येईल. एच दाबलं की उलटं. एका दाबाला सेकंदाचा विसावा भाग सरकतो, म्हणजे दोन सेकंदांसाठी चाळीस वेळा दाबावं लागेल. लोक यायच्या आत करून ठेवा.