कास्टिंग नंबर जुळला म्हणून भुलू नका

'ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा) कास्टिंग नंबर जुळतोय, म्हणजे १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीचं इंजिन मूळचंच' असं म्हणतात, ते काही पटलं नाही. कास्टिंग नंबर म्हणजे ब्लॉक ओततानाच साच्यातून उमटलेला नंबर. तो एकच नंबर हजारो ब्लॉकवर असतो! पॅसेंजरच्या (या गाडीत उजव्या) बाजूच्या सिलिंडर हेडपुढची सपाट पट्टी नुसती पुसा, घासू तर अजिबात नका. झेड/२८ (कॅमॅरोचं खास वेगवान मॉडेल) असेल तर तिथल्या कोडच्या शेवटी 'डीझेड' हवं. गाडीच्या व्हीआयएनचे (ओळख क्रमांकाचे) शेवटचे ६ आकडे तिथे किंवा ऑइल फिल्टरजवळ ठोकलेले असतात. पण आकडे काय, कुणीही ठोकतो. कारखान्यातल्या मशिनिंगच्या बारीक समांतर रेघा दिसतात का बघा. पट्टी गुळगुळीत असेल तर ब्लॉक तासलेला आहे, मग ठोकलेल्या आकड्यांवर कसला भरवसा? आणि ओतकामाची तारीख इंजिन जुळणीच्या नंतरची निघाली तर विषयच संपला, ते इंजिन मूळचं नाही. विकणाऱ्याकडून तिरप्या उजेडातला फोटो मागवा.