ज्वारीची भाकरी खाऊनही साखर का चढते?

खानापूरकर: घरात मधुमेह आहे. गहू बंद करून ज्वारी सुरू केली, तरी जेवणानंतर मीटर 220 दाखवतो. असं का?

निपाणीवाले: भाकऱ्या किती? 100 ग्रॅम पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं. 50 ग्रॅम पिठाची एक धरली तर तीन भाकऱ्यांत 105 ग्रॅम झाली की! ज्वारीचा स्टार्चही शेवटी ग्लुकोजच. त्यात पीठ गिरणीतून मऊसूत आणलं, उकळत्या पाण्यात उकड काढली, तव्यावर भाजली, की स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि अमायलेजला, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमला, ते भराभर तोडता येतात. आधी एकच भाकरी घ्या, पीठ जरा भरड दळा. भाकरी गार झाली की थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, पचत नाही. पण फरक लहानच.

चिकोडी: आधी काकडी, मटकीची उसळ, मग भाकरी. शेंगाचटणीतल्या तेलानं जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून साखर हळू चढते. पण एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी, वाटीभर ओतू नका. उरलेल्या ग्लुकोजची यकृतात चरबी होते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासाच.

निपाणीवाले: आणि मीटर पहिल्या घासापासून दोन तासांनी लावा, हात धुऊन. बोटाला गूळ असला तर आकडा खोटाच येणार. गोळी चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.