सायप्रसमध्ये १९६४ पासून शांतिसेना आहे, मग तोडगा का निघत नाही?

गोदाकाठ

भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्यांबद्दल वाचता वाचता भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटापाशी येऊन थांबलो. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले कमांडर ले. जन. ग्यानी. त्यांच्यानंतर थिमय्या आले आणि १८ डिसेंबर १९६५ ला पदावर असतानाच तिथे वारले. १९७४ मध्ये तुर्की सैन्य बेटावर उतरलं, त्या ऐन युद्धात दिवाण प्रेमचंद कमांडर होते. म्हणजे कसोटीच्या काळात तीन भारतीय सेनाधिकारी. सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १८६ मध्ये या फौजेची मुदत सुरुवातीला फक्त तीन महिने होती. ती अजून तिथेच आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सैनिक रोज नेमकं काय करतात? ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांच्या वाटाघाटी कोणत्या मुद्द्यावर येऊन अडतात? आणि ‘फौज आहे म्हणूनच तोडग्याची कुणाला घाई नाही’ या आक्षेपात किती तथ्य आहे?

रानवारा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. तिथे दोन्ही बाजूंच्या सहीचा शस्त्रसंधी करार नाही. १६ ऑगस्ट १९७४ च्या संध्याकाळी गोळीबार थांबला तेव्हा ज्या फौजा जिथे होत्या, त्या दोन रेषा: उत्तरेला तुर्की बाजू, दक्षिणेला ग्रीक सायप्रियट. त्यांच्यामधली पट्टी म्हणजे बफर झोन. लांबी सुमारे १८० किमी. रुंदी राजधानी निकोसियाच्या जुन्या शहरात काही ठिकाणी चार मीटरसुद्धा नाही, तर मोकळ्या रानात सात किमीपेक्षा जास्त. करारच नसल्यामुळे ‘त्या संध्याकाळी जे होतं ते’ हाच कायदा, आणि त्यातला प्रत्येक बदल म्हणजे उल्लंघन.

म्हणून रोजचं काम बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवण्याचं. चौकीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं दिसली, रेतीच्या गोण्यांची एक रांग वाढली, जवान रेषेच्या चार पावलं पुढे आला, समोरच्यावर बंदूक रोखली, नवा कॅमेरा बसवला, खंदक खणला, सगळ्याची नोंद होते. गस्तीवरचा सैनिक वेळ, ठिकाण आणि फोटो घेतो. मग त्या पट्ट्याचा संपर्क अधिकारी समोरच्या अधिकाऱ्याला गाठून ‘पूर्ववत करा’ म्हणतो. ऐकलं नाही तर लेखी निषेध, मग वरच्या पातळीवर, शेवटी मुख्यालयात. बहुतेक तंटे खालीच मिटतात. आणि ते तिथेच मिटले पाहिजेत, कारण एका बाजूने गोण्या वाढवल्या की दुसरी त्याच रात्री वाढवते.

जुन्या निकोसियात समोरासमोरच्या चौक्या इतक्या जवळ होत्या की शिवीगाळ आणि दगडफेकीवरून गोळीबार व्हायचा. १९८९ मध्ये शहरातल्या काही चौक्यांतून दोन्ही बाजूंनी माणसं काढून घ्यायचं ठरलं आणि तिथला ताण खरोखर कमी झाला. अंतर वाढवणं हा शांतिसेनेच्या हातातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय.

उरलेलं काम नागरी. बफर झोनमध्ये लोकांची शेतं आहेत, ती कसायला परवाना लागतो. उत्तरेत कार्पास भागात राहिलेल्या मोजक्या ग्रीक सायप्रियटांना आणि उत्तरेतच राहिलेल्या मॅरोनाइट ख्रिश्चनांना रसद पोचवणं हेही याच फौजेकडे. गस्तीसाठी पाडलेल्या बफर झोनच्या विभागांचे क्रमांक १, २ आणि ४ आहेत. तिसरा कॅनडाच्या तुकडीकडे होता. ती १९९३ मध्ये परत गेली आणि तिचा पट्टा शेजारच्या दोघांत वाटला गेला. १९६४ मध्ये सहा हजारांच्या वर असलेली फौज आता आठशेच्या आसपास आहे.

शुभदा_क

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६५ पासून द्यावं लागेल. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ गालो प्लाझा यांनी त्या मार्चमध्ये अहवाल दिला: सायप्रसचं ग्रीसमध्ये विलीनीकरणही नको आणि फाळणीही नको. तुर्कस्तानने ‘मध्यस्थाने अधिकार ओलांडला’ म्हणून तो फेटाळला. त्यानंतर ‘मध्यस्थ’ हे पदच मागे पडलं आणि सरचिटणीसांच्या ‘सदिच्छा कार्यालया’चा मार्ग आला. फरक मोठा आहे. मध्यस्थ स्वतःचा तोडगा मांडू शकतो. सदिच्छा दूत दोघांना एका टेबलाशी आणतो, पण मसुदा त्यांनीच करायचा.

चौकट १९७७ आणि १९७९ च्या उच्चस्तरीय करारांत ठरली: दोन समाज, दोन विभाग, एक संघराज्य. त्यापुढे गाडी तीन ठिकाणी रुतते. सत्तावाटप (अध्यक्षपद आळीपाळीने असावं का, मंत्रिमंडळाच्या निर्णयाला किमान एका तुर्की सायप्रियट सदस्याचं मत लागावं का), मालमत्ता आणि सुरक्षा.

सुरक्षेचा मुद्दा सर्वांत कठीण. १९६० च्या हमी कराराने ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हमीदार झाले. त्यातल्या हस्तक्षेपाच्या कलमाचा आधार घेऊनच तुर्की सैन्य २० जुलै १९७४ ला उतरलं. त्याआधी पाच दिवस ग्रीसच्या लष्करी राजवटीने तिथे उठाव घडवून आणला होता, हे विसरून चालणार नाही. ग्रीक सायप्रियट म्हणतात हमी रद्द करा, सैन्य शून्यावर आणा. तुर्की सायप्रियटांना १९६३-६४ आठवतं, तेव्हा त्यांची वस्ती वेढ्यात होती. दोघांची भीती खरी आहे. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मॉन्तानाला दोन्ही नेते आणि तिन्ही हमीदार एकत्र बसले, २८ जूनपासून ७ जुलैच्या पहाटेपर्यंत. मोडलं ते मुख्यतः याच मुद्द्यावर.

पद्धतीचाही दोष आहे. ‘सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही’ या नियमामुळे एका प्रकरणात दिलेली सवलत दुसरं अडलं की परत घेता येते. वर्षभराचं काम एका रात्रीत वाया जातं.

सह्यकडा

शुभदाताई, मालमत्तेचा मुद्दा तुम्ही एका शब्दात आटोपलात. माझ्या मते माणसांच्या मनात तोच सगळ्यात खोल रुतलाय.

१९७४ मध्ये दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट उत्तरेतून दक्षिणेत आले. तुर्की सायप्रियट दक्षिणेतून उत्तरेत गेले, त्यातले बरेच १९७५ च्या व्हिएन्ना समझोत्यानंतर शांतिसेनेच्या मदतीने. त्यांच्या घरांत आता दुसरीच कुटुंबं राहतात, तिसरी पिढी. घर मूळ मालकाला द्यायचं की आज राहतोय त्याला?

ग्रीक सायप्रियट तितिना लोइझिदू यांचा खटला बघा. उत्तरेतल्या किरेनियातल्या त्यांच्या जमिनीवर मालकी अजून त्यांचीच आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. तुर्कस्तानने भरपाई भरली २००३ मध्ये, व्याजासह दहा लाख युरोंच्या वर. मग दाव्यांची रीघ लागली, आणि उत्तरेत २००६ पासून मालमत्ता आयोग सुरू झाला. २०१० मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की आधी त्या आयोगाकडे जा. शिवाय इतक्या वर्षांत तिथे रुजलेल्या रहिवाशाचाही विचार करावा लागेल, असंही म्हटलं. वाटाघाटी लांबल्या की प्रश्न जागच्या जागी राहत नाही. मूळ मालकाची बाजू दर वर्षी थोडी कमकुवत होते.

गोदाकाठ

अतिशय उपयुक्त माहिती. मग २००४ चं सार्वमत का फसलं? आणि तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे.

शुभदा_क

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरणाच्या योजनेवर २४ एप्रिल २००४ ला मतदान झालं. तुर्की सायप्रियट ६५ टक्के बाजूने, ग्रीक सायप्रियट ७६ टक्के विरोधात. अंतिम मसुदा हाती आला ३१ मार्चला. कायदे आणि जोडपत्रांसह हजारो पानं, वाचायला साडेतीन आठवडे. सैन्य एकदम जाणार नव्हतं: २०११ पर्यंत ग्रीस आणि तुर्कस्तानचे प्रत्येकी ६,०००, मग ३,०००, शेवटी ग्रीसचे ९५० आणि तुर्कस्तानचे ६५०. त्याहून मोठी चूक क्रमाची. १ मे चा युरोपीय संघातला प्रवेश ग्रीक बाजूला आधीच पक्का मिळाला होता, मग ‘नाही’ म्हणण्याची किंमत काहीच उरली नव्हती. बक्षीस कराराच्या आधी देऊ नये.

रानवारा

तिसऱ्याबद्दल. आक्षेप अर्धा खरा आहे. शांतता असली की नेत्यांवर दबाव येत नाही. पण फौज काढली तर दबाव येईल तो गोळीबाराचा. ऑगस्ट १९९६ मध्ये डेरिनियाला आंदोलक बफर झोनमध्ये घुसले. आठवड्याभरात तिथे दोन ग्रीक सायप्रियट तरुण मारले गेले, एक जमावाच्या मारहाणीत, दुसरा ध्वजस्तंभावर चढताना गोळीने. शांतिसेना तिथे हजर होती, पण पातळ होती. ऑगस्ट २०२३ मध्ये पिला या मिश्र वस्तीच्या गावाजवळ तुर्की सायप्रियटांनी रस्ता काढायला घेतला. आडव्या लावलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या यंत्रांनी ढकलल्या गेल्या, सैनिकांना मारहाण झाली. बळ फक्त स्वसंरक्षणापुरतं वापरायचं, त्यामुळे उभं राहून अडवणं एवढंच त्यांच्या हाती. तरी पुढे काम थांबलं आणि बोलणी झाली.

सह्यकडा

दोन कामं मात्र वरच्या टेबलाची वाट न बघता झाली, आणि ती मला फार मोलाची वाटतात.

एक, निकोसियाची मलनिस्सारण व्यवस्था. शहर दुभंगलं तेव्हा गटारांचा उतार उत्तरेकडे आणि प्रक्रिया केंद्रही उत्तरेत गेलं. सत्तरच्या दशकाअखेरी दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी एकमेकांच्या पदाला मान्यता देण्याचा वाद बाजूला ठेवून एकच व्यवस्था चालवायचं ठरवलं. ती आजही चालते. हेच अकिंजी पुढे क्रां-मॉन्तानात तुर्की सायप्रियटांचे नेते म्हणून बसले होते.

दुसरं, बेपत्ता व्यक्तींची समिती. १९८१ मध्ये स्थापना. यादीत १,५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की सायप्रियट. अट अशी की समिती दोषी ठरवणार नाही, मृत्यूचं कारण सांगणार नाही. फक्त अवशेष शोधून, डीएनए जुळवून कुटुंबाच्या हवाली करणार. या अटीवर अनेकांचा राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण तिच्यामुळेच दफनाची जागा माहीत असलेले लोक बोलायला तयार झाले. आतापर्यंत हजाराहून अधिकांची ओळख पटली. साक्षीदार मात्र आता वयोवृद्ध आहेत आणि जुन्या जागांवर इमारती उभ्या राहताहेत, त्यामुळे नवे अवशेष सापडणं दिवसेंदिवस कमी होतंय.

गोदाकाठ, पुढे लक्ष ठेवायचं असेल तर बफर झोन ओलांडण्याच्या नव्या नाक्यांवर ठेवा. मार्च २०२५ मध्ये जिनिव्हाच्या अनौपचारिक बैठकीत ते उघडण्याचं तत्त्वतः ठरलं, आणि त्या ऑक्टोबरात उत्तरेत तुर्की सायप्रियटांचे नेते म्हणून तुफान एर्हुरमन निवडून आले, ते संघराज्याच्या बाजूचे आहेत. कोणता नाका आधी उघडायचा यावर दोन्हीकडची मतं वेगळी आहेत.